एडिटरमध्ये चालते, कमांड लाइनवर अडते: महाबळेश्वरपाशी थांबणाऱ्या स्क्रिप्टची तपासणी

प्रश्न असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्यांचा रोजचा पाऊस नोटपॅडमध्ये लिहून एका सीएसव्ही फाइलमध्ये ठेवला आहे. पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट ती फाइल वाचते, आठवड्याची बेरीज करते आणि तालुकावार यादी छापते. कमांड प्रॉम्प्टवर > हे चिन्ह देऊन ती यादी दुसऱ्या फाइलमध्ये उतरवायची, इतकंच काम. दहा तालुके होते तोवर फाइल नीट येत होती. महाबळेश्वरची नोंद वेगळ्या वहीत होती, ती मागाहून घातली आणि त्याच दिवशी ‘यूनिकोडडीकोडएरर’ आला. कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही फाइल उघडायच्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहिलंत. (एन्कोडिंग म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बाइटांत लिहायचं याचा तक्ता, आणि यूटीएफ-८ हा त्यातला मराठीला चालणारा.) तेव्हापासून एडिटरमधलं बटण दाबलं की सगळं बरोबर, कमांड प्रॉम्प्टवर नुसती चालवली तरी पडद्यावर मराठी स्वच्छ. पण > देऊन फाइलमध्ये पाठवली की ‘यूनिकोडएन्कोडएरर’ येतो आणि फाइल रिकामी राहते. कोड पेज (विंडोजचा अक्षरतक्ता) ६५००१ करून पाहिलंत, फरक पडला नाही. एकाने ‘एरर्स इग्नोर’ (न जमणारं गाळून पुढे जा) लिहायला सांगितलंय, ते लिहावं का असं तुम्ही विचारताय. शिवाय हे सगळं पुढे टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) टाकायचं आहे.

तुम्ही विचारलंय, ‘कमांड लाइनवर मराठी का चालत नाही?’ पण तुमच्याच वर्णनात त्याचं उत्तर आहे: पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसते, म्हणजे कमांड लाइनवर मराठी चालते. खरी अडचण निराळी आहे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये मजकूर एका जागेतून आत येतो आणि एका जागेतून बाहेर जातो. दोन्ही जागी बाइटांचा अर्थ कोणत्या तक्त्यावरून लावायचा, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर पायथॉन विंडोजला विचारतो, आणि विंडोज जे सांगतं ते मराठीच्या कामाचं नसतं. पहिला एरर आत येण्याच्या जागेचा होता, दुसरा बाहेर जाण्याच्या जागेचा आहे. तुम्ही पहिली जागा दुरुस्त केलीत, ती दुरुस्ती बरोबरच होती. दुसरी तशीच राहिली.

पुढचं सगळं काही गोष्टी धरून सांगते आहे, कारण त्या बदलल्या तर उत्तरही बदलतं. विंडोजचा प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ असा असावा. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर तो तसाच असतो आणि त्याचा जुना कोड पेज १२५२ क्रमांकाचा आहे. पायथॉन ३.६ किंवा त्यानंतरचा असावा. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून विंडोजच्या कन्सोलवर, म्हणजे कमांडच्या पडद्यावर, पायथॉन यूनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) थेट लिहितो, आणि तुमच्या पडद्यावर मराठी नीट दिसते त्यावरून तो तसा आहे हे कळतं. तुम्ही कमांड प्रॉम्प्ट वापरताय, पॉवरशेल नाही, हेही धरते आहे. (कमांड आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

आता पहिला एरर. माझ्याकडे अशी स्क्रिप्ट आली की मी कोड उघडायच्या आधी एररची शेवटची ओळ वाचते आणि तिथून वर जाते. तुमची ओळ अशी होती: ‘चारमॅप’ कोडेकला अमुक जागेवरचा ८डी हा बाइट डीकोड करता येत नाही. (बाइटांचे आकडे इथे सोळाच्या पद्धतीत आहेत, त्यात ए ते एफ हेही अंकच.) तिच्या वरच्या ओळीत एका फाइलचं नाव दिसलं असेल, सीपी १२५२ डॉट पीवाय. ही तुमची फाइल नाही, पायथॉनची आहे, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच सांगते: तुमची मराठी फाइल १२५२ च्या तक्त्याने वाचली जात होती. त्या तक्त्यात इंग्रजी आणि पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरं आहेत, देवनागरी एकही नाही.

मग दहा तालुके कसे चालले, आणि महाबळेश्वरच का अडलं? इथे थोडं खोलात जाऊ, कारण एकदा हे कळलं की असले एरर पाहून गोंधळायला होत नाही.

यूनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा दिलेल्या आहेत. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा ८० ते बीएफ यांपैकी एक. १२५२ चा तक्ता मात्र एका बाइटला एक अक्षर मानतो. म्हणून ‘क’चे तीन बाइट त्याला तीन स्वतंत्र अक्षरं वाटतात. चुकीची, पण त्याच्या तक्त्यात असलेली. त्यामुळे तो तक्रार न करता पुढे जातो. मात्र त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यातला एखादा बाइट समोर आला की त्याच्यापाशी द्यायला अक्षरच नसतं, आणि पायथॉन थांबतो.

आता ही पाच घरं देवनागरीत कुठे पडतात ते पाहा. दुसरा बाइट ए४ असेल तर चंद्रबिंदू, ऍ, ए, ऐ आणि झ. दुसरा बाइट ए५ असेल तर ऱ्हस्व उकाराची खूण, पायमोडका म्हणजे हलन्त, आणि ॐ. उरलेल्या दोन जागांवरची चिन्हं मराठीत आपण लिहीत नाही. म्हणजे १२८ पैकी दहा जागा अडणाऱ्या. त्यात जोडाक्षरासाठी लागणारा हलन्त आहे, आणि त्याचा तिसरा बाइट ८डी आहे, नेमका तुमच्या एररमधला.

सातारा, कराड, पाटण, वाई, जावळी, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव. ही दहा नावं सावकाश वाचा. एकातही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व उकार नाही, ए, ऐ, झ नाहीत. तुमच्या पहिल्या ओळीतले मथळेही पाहा. ते मराठीत ‘तालुका’ आणि ‘पाऊस’ असे असते तर? ‘तालुका’ अडलं असतं, त्यात ऱ्हस्व उकार आहे. पण तुम्ही दिलेल्या नमुन्यात मथळे इंग्रजीत आहेत, म्हणून तेही सुटले. अकरावं नाव महाबळेश्वर, त्यात ‘श्व’. पुणे जिल्ह्याची यादी असती तर पुरंदर आणि जुन्नरमुळे ती पहिल्याच दिवशी अडली असती आणि तुम्हाला हा प्रश्न तेव्हाच पडला असता. साताऱ्याच्या नावांमुळे तो पुढे ढकलला गेला, एवढंच.

आणखी एका गोष्टीने तुम्ही गोंधळला असाल. महाबळेश्वर यादीत शेवटी होतं, तरी स्क्रिप्टने एकही ओळ न छापता मान टाकली, आणि एरर दाखवत होता फॉर लूपच्या पहिल्या ओळीकडे. त्यावरून फाइलची सुरुवातच बिघडली आहे असं वाटतं. तसं नाही. पायथॉन फाइल ओळीओळीने देतो, पण वाचताना साधारण आठ किलोबाइटचा तुकडा एकदम उचलतो आणि तो आख्खा डीकोड करतो. तुमची फाइल लहान आहे, ती एकाच तुकड्यात मावते. शेवटच्या नावातल्या एका बाइटने पहिली ओळसुद्धा अडवली ती त्यामुळे. अशा वेळी एररमध्ये दिलेला जागेचा आकडा घ्यायचा, फाइल ‘आरबी’ मोडने (बाइट जसेच्या तसे देणाऱ्या) उघडायची आणि त्या आकड्याच्या आसपासचे वीसेक बाइट छापून बघायचे. तो आकडा अक्षरांचा नाही, बाइटांचा असतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन, आणि इंग्रजी अंक, स्वल्पविराम एकेक.

आता तुमच्या वर्णनातला सगळ्यात अवघड भाग. वाचतानाच चुकीचा तक्ता लागत होता तर दहा तालुक्यांची फाइल बरोबर कशी निघत होती? कारण बाहेर जातानाही तोच चुकीचा तक्ता लागत होता. आत येताना प्रत्येक बाइटचं एक भलतंच अक्षर झालं, बाहेर जाताना त्या भलत्या अक्षराचा पुन्हा तोच बाइट झाला. फाइलमध्ये उतरलेले बाइट मूळचेच होते, आणि नोटपॅडने ती फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडल्यावर मराठी नीट दिसली. तेव्हा तुम्ही > न देता पडद्यावर पाहिलं असतंत तर प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्यापुढे चिन्हांची रांग दिसली असती. तुमचं सगळं लक्ष फाइलवर होतं, म्हणून ते दिसायचं राहिलं.

याचा एक पुरावा तुमच्याकडे अजूनही असेल. जुन्या फाइलींत पावसाचे आकडे एका रेषेत येत नव्हते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. नावाला ठरावीक रुंदी देण्यासाठी तुम्ही ‘एलजस्ट’ वापरलंय. ‘सातारा’ हा शब्द पायथॉनला नीट कळला तर त्याची लांबी सहा भरते, तीन अक्षरं आणि तीन काने. चुकीच्या तक्त्याने वाचला तर तीच लांबी अठरा होते. तुम्ही दिलेल्या पंधराच्या रुंदीत ‘वाई’ नऊ, ‘माण’ही नऊ, आणि सातारा मावतच नव्हतं. रकाने तिथेच हलले. (एन्कोडिंग बरोबर झाल्यावरही मराठीत रकाने शंभर टक्के जुळणार नाहीत, कारण मात्रा आणि हलन्त लांबीत मोजले जातात पण वेगळी जागा घेत नाहीत. यादी माणसांनी वाचायची असेल तर एलजस्टपेक्षा टॅब किंवा सीएसव्ही बरं.)

अशा योगायोगावर काम चाललं तरी चालू द्यायचं नाही. मराठीचं एक उदाहरण देते. ‘ठ’ या अक्षराचा तिसरा बाइट ए० आहे. १२५२ च्या तक्त्यात ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, आणि पायथॉनचं ‘स्ट्रिप’ ती मोकळी जागा म्हणून कापून टाकतं. त्यामुळे ‘पीठ’सारखा शब्द ओळीच्या शेवटी आला आणि स्ट्रिप केलं की ‘ठ’चा एक तृतीयांश गळून पडतो. एरर येत नाही, फक्त माहिती बिघडते. अडून बसणारी स्क्रिप्ट परवडली, ती निदान कळवते. मुकाट्याने अक्षरं खाणारी कळवत नाही.

आता दुसरा एरर, जो आज तुमच्यासमोर आहे: ‘चारमॅप’ कोडेकला ० ते ५ या जागांवरची अक्षरं एन्कोड करता येत नाहीत. ‘डीकोड’ म्हणजे बाइटांपासून अक्षरं, म्हणजे आत येताना. ‘एन्कोड’ म्हणजे अक्षरांपासून बाइट, म्हणजे बाहेर जाताना. या एका शब्दावरून निम्मा शोध संपतो. तुमचा ट्रेसबॅक, म्हणजे एररचा पूर्ण मजकूर, प्रिंटच्या ओळीकडे बोट दाखवतो, तेही याला जुळतं. इथे जागेचा आकडा बाइटांचा नसून अक्षरांचा असतो. ० ते ५ म्हणजे सहा, म्हणजे ‘सातारा’, तुमच्या यादीतलं पहिलं नाव. या वेळी महाबळेश्वरचा काही संबंध नाही. आता नावं खरोखर देवनागरी म्हणून आत आलेली आहेत आणि बाहेर १२५२ चा तक्ता बसलाय, त्यात एकही देवनागरी अक्षर नाही. पहिलंच नाव अडणार.

पडद्यावर चालतं आणि > दिल्यावर अडतं याचं कारण पायथॉनच्या नियमात आहे. बाहेर जाणारा मजकूर कन्सोलकडे जात असेल तर पायथॉन यूनिकोडनेच बोलतो. तोच मजकूर फाइलकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवला की तो विंडोजच्या जुन्या कोड पेजवर येतो, म्हणजे १२५२ वर. > हे चिन्ह तुम्हाला किरकोळ वाटेल, पण पायथॉनच्या दृष्टीने त्याने समोरचा श्रोताच बदलला. कोड पेज ६५००१ करून फरक का पडला नाही, तेही यातच आहे: ती कमांड कन्सोलचा कोड पेज बदलते, आणि > दिल्यावर पायथॉन कन्सोलचा कोड पेज विचारतच नाही.

एडिटरमध्ये बटण दाबल्यावर का चालतं? काही एडिटर स्क्रिप्ट सुरू करताना ‘पायथॉनआयओएन्कोडिंग’ नावाचं एक व्हेरिएबल (स्क्रिप्टला बाहेरून दिलेली सेटिंग) आपणहून यूटीएफ-८ करून देतात. पायचार्म हे करतं. तुम्हाला ते कुठे दिसत नाही, कारण सोय म्हणूनच ते लपवलेलं असतं. शिवाय एडिटर प्रोजेक्टचं फोल्डर चालू फोल्डर म्हणून धरतो आणि त्याच्या सेटिंगमधला पायथॉन निवडतो. कमांड लाइनवर यातलं काहीच आपोआप होत नाही. म्हणून ‘एडिटरमध्ये चालते, बाहेर नाही’ असं कुणी म्हटलं की मी कोडकडे पाहायच्या आधी तीन गोष्टी छापायला सांगते: सिस डॉट एक्झिक्यूटेबल म्हणजे कोणता पायथॉन, ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी म्हणजे कोणतं फोल्डर, आणि सिस डॉट एसटीडीआउट डॉट एन्कोडिंग म्हणजे बाहेरचा तक्ता. हे तीन एडिटरमधून एकदा आणि कमांड प्रॉम्प्टवरून > देऊन एकदा काढायचे आणि शेजारी शेजारी ठेवायचे. जिथे फरक दिसेल तिथे कारण. तुमच्या बाबतीत तिसऱ्या ओळीत एकीकडे यूटीएफ-८ आणि दुसरीकडे सीपी १२५२ दिसेल.

या तीन ओळी छापताना एक काळजी घ्या. त्या साध्या प्रिंटने छापल्यात तर > मुळे त्याही फाइलमध्ये जातील. प्रिंटला ‘फाइल बरोबर सिस डॉट एसटीडीईआरआर’ असं सांगा, म्हणजे त्या एररच्या वेगळ्या वाटेने पडद्यावर येतील. त्या वाटेचा एक फायदाही आहे: तिथे न मावणारं अक्षर आलं तर पायथॉन एरर देत नाही, उलटी तिरपी रेघ देऊन त्या अक्षराचा क्रमांक छापतो. फोल्डरचं नाव मराठीत असलं तरी तपासणीच अडून बसत नाही.

‘पायथॉन’ टाइप केल्यावर विंडोजचं स्टोअर उघडतं, असंही तुम्ही एका वाक्यात लिहिलंय. त्याचा एन्कोडिंगशी संबंध नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटपासून त्या नावाचा, स्टोअरकडे नेणारा एक आडमार्ग विंडोजने ठेवलेला आहे. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन एलिअस’ इथे जाऊन तो बंद करा, किंवा ‘पायथॉन’ऐवजी ‘पीवाय’ ही दोन अक्षरं वापरा. पॅकेजही ‘पीवाय -एम पिप’ असं म्हणूनच बसवा, म्हणजे ज्या पायथॉनने स्क्रिप्ट चालते त्यातच ते बसेल.

आता दुरुस्ती. झटपट उपाय आहे: ‘पायथॉनयूटीएफ८’ (सगळी कॅपिटल अक्षरं, मधे जागा नाही) हे व्हेरिएबल १ करा, किंवा चालवताना ‘-एक्स यूटीएफ८’ हा पर्याय द्या. २०१८ च्या पायथॉन ३.७ पासून ही सोय आहे. ती चालू केली की आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही यूटीएफ-८ होतं. पायथॉन ३.१५ पासून हेच मूळ वागणं करायचं ठरलेलं आहे. आज कारण नक्की हेच आहे का एवढं तपासायला हा उपाय उत्तम. कायमचा म्हणून मी तो देत नाही, कारण तो स्क्रिप्टमध्ये नसतो, त्या संगणकावरच्या त्या खात्यात असतो. स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावर गेली किंवा शेड्युलरने दुसऱ्या खात्यावरून चालवली की तो मागे राहतो आणि तुम्ही पुन्हा इथेच येता.

विंडोजच्या प्रदेश सेटिंगमध्ये ‘जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८’ अशा अर्थाची बीटा चौकटही आहे. तिने तुमची स्क्रिप्ट चालेल. पण त्याच संगणकावर जुनं हिशेबाचं किंवा श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फाँटांवर अवलंबून असलेलं सॉफ्टवेअर असेल तर ती चौकट लावू नका. असली जुनी सॉफ्टवेअरं बाइटांचा अर्थ त्या जुन्या कोड पेजवरून लावतात आणि त्यांचा मजकूर बिघडू शकतो. त्या फाँटांत टाइप केलेली एखादी जुनी पावसाची वही तुमच्याकडे असेल, तर त्या मजकुराला कोणतंही एन्कोडिंग लावून तो वाचता येणार नाही. तिथे बाइट लॅटिन अक्षरांचेच असतात, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो मजकूर आधी फाँटनुसार यूनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

मी तुमच्या जागी असते तर > वापरणंच सोडलं असतं. स्क्रिप्टनेच यादी फाइलमध्ये लिहावी. ओपनला फाइलचं नाव, ‘डब्ल्यू’ मोड आणि एन्कोडिंग, तिन्ही स्पष्ट द्यायचे. यादी पुढे नोटपॅडमध्ये किंवा दुसऱ्या स्क्रिप्टने वाचायची असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८. सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये दोन टिचक्यांनी उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’, कारण ते फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण टाकतं, आणि ती दिसली की एक्सेलला मराठी ओळखता येते. आत येताना पण हेच ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा. आज तुमची फाइल नोटपॅडची आहे, उद्या कुणी तीच एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करून देईल. तेव्हा ती खूण पहिल्या मथळ्याला चिकटते, आणि समोर मथळा दिसत असूनही पायथॉन ‘की-एरर’ देतो. यूटीएफ-८-सिग खूण असेल तर काढतो, नसेल तर साधं यूटीएफ-८ वाचतो. एक्सेलमधलं साधं ‘सीएसव्ही’ मात्र कुणाला निवडू देऊ नका. त्यात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं जतन होतात, आणि त्यातून मूळ अक्षरं परत काढता येत नाहीत.

> सोडायचं दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. कमांड प्रॉम्प्ट स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच > पुढची फाइल रिकामी करतो. स्क्रिप्ट अडली तर कालची चांगली यादीही गेलेली असते. तुम्हाला मिळालेली रिकामी फाइल तीच. म्हणून आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहा, सगळं लिहून झालं की ‘ओएस डॉट रिप्लेस’ने तिला खरं नाव द्या. अडली तर जुनी यादी जागेवर राहील.

काही कारणाने > ठेवायचंच असेल, तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला सिस डॉट एसटीडीआउट डॉट रीकॉन्फिगर करून एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, तेही ३.७ पासून चालतं. पण मग ती कमांड प्रॉम्प्टमधूनच चालवा. विंडोजसोबत येणारा पॉवरशेल ५.१ हा > च्या वाटेवर मजकूर स्वतः वाचून पुन्हा लिहितो, त्यामुळे तुम्ही बरोबर दिलेली मराठीही मधेच बिघडते. पॉवरशेल ७.४ पासून बाइट जसेच्या तसे जातात.

‘एरर्स इग्नोर’ लिहू नका. माझ्या उत्तरातलं एकच वाक्य पाळणार असाल तर हे पाळा. पहिल्या एररच्या वेळी ते लिहिलं असतंत तर महाबळेश्वरमधला हलन्ताचा तिसरा बाइट गाळला गेला असता, बाकीचे दोन अर्धवट राहिले असते, आणि नाव मोडकं उतरलं असतं. पुढे कुणी तालुक्याच्या नावाने बेरीज जुळवली की ते मोडकं नाव कशाशीच जुळणार नाही आणि त्या ओळीचा पाऊस बेरजेतून निघून जाईल. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस जिथे पडतो तोच तालुका. आजच्या एररवर ते लिहिलंत तर अकराही नावं नाहीशी होतील आणि आकडे तेवढे उरतील. ‘रिप्लेस’ लिहिलंत तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. पावसाच्या नोंदी पुन्हा मोजता येत नाहीत, त्या दिवशीचं पाणी त्या दिवशीच मापात असतं. तिथे एरर दाबून टाकणं मला पटत नाही.

एन्कोडिंग द्यायचं राहिलेली आणखी एखादी जागा स्क्रिप्टमध्ये आहे का, ते पायथॉनलाच विचारता येतं. २०२१ च्या ३.१० पासून ‘-एक्स वॉर्न अंडरस्कोअर डिफॉल्ट अंडरस्कोअर एन्कोडिंग’ असा पर्याय आहे. तो देऊन स्क्रिप्ट एकदा चालवा. जिथे जिथे एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली असेल तिथली ओळ तो दाखवतो. दुसऱ्याची स्क्रिप्ट हातात आली की मी हे सगळ्यात आधी करते.

टास्क शेड्युलरबद्दल. तिथे ‘स्टार्ट इन’ची चौकट रिकामी ठेवली तर चालू फोल्डर विंडोजचं सिस्टम३२ असतं. तुमची स्क्रिप्ट नुसत्या नावाने पाऊस डॉट सीएसव्ही शोधते, ती तिला तिथे सापडणार नाही. ‘स्टार्ट इन’ भरा, आणि त्याहून बरं म्हणजे स्क्रिप्टमध्येच ‘पाथ (अंडरस्कोअर अंडरस्कोअर फाइल अंडरस्कोअर अंडरस्कोअर)’ वरून स्वतःचं फोल्डर काढून फाइलींची नावं त्याला जोडा, मग ती कुठूनही चालेल. प्रोग्रामच्या चौकटीत पायथॉनचा पूर्ण पत्ता द्या, तपासणीच्या पहिल्या ओळीत आलेला तोच. आर्ग्युमेंटच्या चौकटीत > लिहून उपयोग नाही. ते चिन्ह कमांड प्रॉम्प्टला कळतं, शेड्युलरला नाही, तो ते स्क्रिप्टला साधा शब्द म्हणून देऊन टाकतो. चालून झाल्यावर ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये ० एक्स ० दिसलं तर ठीक. ० एक्स १ दिसलं तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट एरर देऊन थांबलेली असते. तिथे पडदा नसल्याने एररचा मजकूर दिसत नाही, म्हणून तो एका लॉग फाइलमध्ये लिहायची सोय स्क्रिप्टमध्येच करा, आणि त्या लॉगलाही एन्कोडिंग द्यायला विसरू नका.

शेवटी तुमच्या जुन्या फाइलींबद्दल. दहा तालुक्यांच्या याद्या पुन्हा काढाव्या लागतील का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नावांवर एलजस्टपलीकडे काही केलेलं नाही आणि त्या दहा नावांत ‘ठ’ नाही. त्या फाइलींतले बाइट मूळचेच आहेत, रकाने तेवढे वाकडे आहेत. त्या तशाच ठेवा. पुन्हा काढायचीच असेल तर महाबळेश्वर घातल्यानंतरची काढा, म्हणजे रिकामी पडलेली ती एक.